औरंगाबादची ऐतिहासिक सफर : काय पाहावे, कसे पाहावे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सहलीचे शैक्षणिक महत्त्व’ असा विषय छापला आहे. हे महत्त्व आपणा सर्वांना ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही मुलींना सहलीला पाठवायचे की नाही, हा प्रश्न घरोघरी अडतोच. म्हणून महत्त्वाविषयी न बोलता मी सरळ पुढच्या महिन्यातल्या सहलीविषयी बोलणार आहे. हे भाषण म्हणजे एक अर्जच आहे म्हणा ना, आणि तो पालकांच्या पुढे आहे.

सुरुवात मात्र चीनपासून करतो. आपल्या वाचनालयात जगातल्या जुन्या शहरांवरचे एक चित्रांचे पुस्तक आहे. आठवीतली एक मुलगी ते घेऊन माझ्याकडे आली. चीनमधल्या शीआन शहराचे पान तिने उघडले होते. शहराभोवती चौदाव्या शतकातला तट, पावणेचौदा किलोमीटर लांबीचा. त्यावरून आजही माणसे पायी किंवा सायकलवर शहराला पूर्ण फेरी मारतात. मधोमध घंटेचा मनोरा, जवळच नगाऱ्याचा मनोरा. पुढच्या पानावर तिथली मोठी मशीद. परंपरा तिची स्थापना इ. स. ७४२ ची सांगते; आजच्या इमारती पुष्कळशा मिंग राजवटीतल्या आहेत. मुलगी म्हणाली, “सर, ही मशीद कशी? ना घुमट, ना आपल्यासारखे मिनार. छप्पर तर कोपऱ्यावर वर वळलेले आहे.” मी म्हणालो, “बेटी, तिथल्या सुतारांना लाकडाचे तसेच छप्पर करता येत होते. नमाज तीच, सुतार तिथला.” तिने थोडा विचार केला आणि विचारले, “असे शहर आपल्याला बघायला मिळेल का?”

शीआन काही आपल्या आवाक्यातले नाही. पण तट, दरवाजे, जुन्या मशिदी, बाग आणि मकबरा असलेले एक शहर ताडकळसहून दोनशेच्या वर किलोमीटरवर आहे. परभणी, जिंतूर, मंठा, जालना असा रस्ता धरला की एस. टी. पाच-सहा तासांत तिथे पोचवते. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ते औरंगाबादच आहे. २०२३ पासून सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर झाले. आजच्या भाषणात मी जुन्या काळाविषयी बोलणार असल्याने जुने नाव घेतो. त्याच्याही आधीचे नाव खडकी. १६१० साली मलिक अंबरने या खडकी गावाच्या जागी नगर वसवले. त्याच्यामागे त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर म्हटले आणि पुढे शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते औरंगाबाद झाले. नावे बदलण्याची सवय या शहराला जुनीच आहे.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी मीच आपल्या मुलांची सहल याच शहरात नेली होती. तेव्हा मला वाटायचे की जितकी ठिकाणे जास्त, तितकी सहल यशस्वी. पहाटे निघून रात्री परत, आणि मध्ये नऊ ठिकाणे! पाणचक्कीला आम्ही वीस मिनिटे दिली. मुले हौदातले मासे बघत होती. एक मुलगा कठड्याशी उभा राहून खाली खाम नदीकडे पाहत होता. तो म्हणाला, “सर, नदी तर खाली आहे. मग हे पाणी इतक्या वर कुठून येते?” मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “चल चल, बस निघेल.” खरे सांगायचे तर मला उत्तर येत नव्हते.

परतल्यावर निबंध लिहून घेतले. बहुतेक वह्यांत बसमधली गाणी, आईस्क्रीम आणि ‘बीबी का मकबरा ही ताजमहालाची नक्कल आहे’ हे एक वाक्य. ते वाक्य मीच बसमध्ये सांगितले होते. शिवाय एका जुन्या इमारतीच्या गिलाव्यावर आपल्याच एका मुलाने खिळ्याने स्वतःचे नाव कोरले, तेही मला तिथून निघाल्यावर कळले. साडेतीनशे वर्षे टिकलेला चुन्याचा गिलावा, त्यावर ताडकळसचे एक नाव! त्या मुलाला मी रागावलो, पण त्या भिंतीत काय आहे ते मी त्याला सांगितले कुठे होते?

त्या मुलाचा पाण्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे सुट्टीत दोनदा एकटा तिकडे गेलो, वाचले, जाणकारांना विचारले. जे समजले ते थोडक्यात सांगतो.

मलिक अंबर हा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून फिरत दख्खनला आला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले याच निजामशाहीतले सरदार. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले. लढवय्या म्हणून तो सर्वांना माहीत आहे. मला त्याच्या पाण्याचे नवल वाटते. नगर वसवायचे तर आधी पाणी पाहिजे, आणि खडकीला मोठी नदी नाही. उत्तरेला डोंगर आहेत, हर्सूलकडचे खोरे आहे. पाऊस तिथल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत मुरतो. अंबरच्या माणसांनी त्या बाजूला जमिनीखाली बोगदे खणले, झिरपणारे पाणी त्यांत गोळा केले आणि अगदी बेताचा उतार देऊन शहरापर्यंत आणले. ठरावीक अंतरावर वर उघडणारी विवरे ठेवली, म्हणजे हवा खेळते, गाळ काढायला माणूस उतरू शकतो. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणले, त्या वाटेवरच्या अशा विवरांना उच्छ्वास म्हणतात. शब्द मोठा चांगला आहे. ही नहर-ए-अंबरी. पुढे मोगल काळात तिच्या जोडीला आणखी नहरी झाल्या.

ही विद्या मूळची इराणकडची. तिथे तिला कनात म्हणतात. बुऱ्हाणपूरला आणि बिदरलाही तिचे नमुने आहेत. आणि आपल्या मुलीच्या त्या चीनमध्ये, वाळवंटाच्या काठी तुर्फान नावाचे जुने शहर आहे, तिथेही डोंगरातले पाणी जमिनीखालून असेच आणतात. तिथले लोक त्याला कारेझ म्हणतात. बोगद्यातून आणण्याचे कारणही साधे आहे, वरून आणले तर निम्मे पाणी उन्हात उडून जाईल.

मग पाणी वर कसे चढते? तर ते चढतच नाही. ते शहरापेक्षा उंचावरून निघते. बंद खापरी नळातून आणले की मध्ये ते कितीही खाली उतरो, दुसऱ्या टोकाला आपल्या मूळ उंचीच्या जवळपास येण्याची त्याची ओढ असते. दोन भांडी नळीने जोडून दाखवण्याचा प्रयोग आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात केलेला आहे, तोच हा. म्हणून पाणचक्कीच्या आवारात पाणी उंच भिंतीवर येते, तिथून हौदात कोसळते, आणि त्याच्या जोरावर पात्यांचे चाक फिरून जाते फिरते. बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचे हे आवार. येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी इथे पीठ दळले जाई. मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे. हौदाचा तळ तेच त्याचे छत, म्हणून उन्हाळ्यात तिथे गारवा असतो. मागच्या सहलीत त्या दालनाच्या डोक्यावर उभे राहून आम्ही फोटो काढले आणि खाली काय आहे ते पाहिलेच नाही.

आज ते शहर जायकवाडीचे पाणी पैठणकडून पंपाने वर चढवून आणते. त्याला वीज लागते, पैसा लागतो. नहरीला दोन्ही लागत नव्हते, फक्त देखभाल लागत होती. ती तुटली, वर घरे झाली, रस्ते झाले, आणि बऱ्याच नहरी बुजल्या.

मकबऱ्याविषयी मी मुलांना जे चुकीचे शिकवले तेही दुरुस्त करतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. तिचा मुलगा आझमशाह याचे नाव या इमारतीशी जोडले जाते, आणि बांधकाम १६६० च्या सुमाराचे. दरवाजावरच्या लेखात दोन नावे आहेत: रचनाकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय. अताउल्लाह हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा. बापाचे काम लेकाने पुढे नेले, पण हाताशी पैसा कमी होता. जुन्या नोंदीत खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा दिला आहे. सात आण्यांपर्यंतचा हिशेब! संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला लावला. बाकी आपलाच काळा दगड आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा. टॅव्हर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने संगमरवराच्या शेकडो गाड्या दख्खनकडे जाताना वाटेत पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. त्यातल्या लहानात लहान गाडीला बारा बैल होते म्हणे. नक्कल म्हणून त्याकडे पाहिले की उणेच दिसते. गिलाव्यावरची वेलबुट्टी जवळ जाऊन पाहा. संगमरवर मिळाला नाही तेव्हा चुन्याकडून काय करून घेता येते, ते तिथे कळते. आणि हो, तिथे खिळा बरोबर नेऊ नका.

शहराचा तट १६८२ चा. त्याचे आता तुकडेच उरले आहेत. शीआनच्या लोकांनी १९८० नंतर आपला तट झटून दुरुस्त केला. आपल्याकडे तो रस्ते आणि घरे यांच्यात विरला. ‘बावन दरवाजे’ ही म्हण राहिली आणि दरवाजे मोजके. भडकल, दिल्ली, मकाई, पैठण, रोशन, रंगीन यांतले काही आपण पायी पाहू. भडकल दरवाजा मलिक अंबरचा, मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये उभारलेला. त्याच्या आसपास दिवसभर रिक्षांची गर्दी असते, म्हणून तिथे आपल्याला सकाळी लवकर पोचले पाहिजे.

दुसरा दिवस दौलताबादला. इथे मागच्या वेळी मला आणखी एक प्रश्न आला होता. किल्ल्याच्या पायथ्याशी एका मुलाने विचारले, “सर, हा किल्ला आपला की त्यांचा?” ‘त्यांचा’ म्हणजे कोणाचा, ते त्यालाही नीट माहीत नव्हते. घरी, रस्त्यावर, कुठेतरी ऐकलेले असते. तेव्हा मी “सर्वांचा” असे म्हणून वेळ मारून नेली. मुलांना असली उत्तरे पटत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. या वेळी मी त्याला पायरीपायरीने दाखवणार आहे.

डोंगर तासून उभा कडा केला आणि खंदक खोदला, ते देवगिरी यादवांचे राजधानीचे ठिकाण. अल्लाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये इथे चालून आला. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणली आणि दौलताबाद नाव दिले. चांद मिनार पंधराव्या शतकातला, बहमनींचा. पुढे निजामशाही, मोगल, मग हैदराबादचे निजाम. किल्ल्यात निळ्या फरशांचे तुकडे मिरवणारा चिनी महाल आहे; गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह अबुल हसन तानाशाह याला १६८७ नंतर औरंगजेबाने तिथे कैदेत ठेवले. म्हणजे मुसलमान बादशहाने मुसलमान बादशहाला. आणि त्याच किल्ल्यात संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांची समाधी आहे. परंपरा सांगते की ते किल्ल्याचे अधिकारी होते, एकनाथ पैठणहून लहान वयात त्यांच्याकडे आले, आणि जनार्दनस्वामींचे गुरू होते चांद बोधले, ज्यांची जागा दौलताबादलाच आहे. आता कोणी सांगावे, कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत कोणाचे?

तिथली अंधारी वाट मुलांना आवडेल. वटवाघळांचा वास येतो, पायऱ्या वेड्यावाकड्या आहेत, विजेऱ्या बरोबर ठेवाव्यात.

चिनी महालाशी मी आपल्या मुलीला इब्न बतूताची गोष्ट सांगणार आहे. मोरोक्कोचा हा प्रवासी तुघलकाच्या पदरी काझी होता. बादशहाने त्याला वकील म्हणून चीनच्या दरबाराकडे रवाना केले, ते १३४२ मध्ये, आणि त्या वाटेवर तो दौलताबादला येऊन गेला. किल्ल्यातल्या तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याचे त्याने लिहिले आहे. पुढे वादळे, लूट, सगळे सोसून तो चीनच्या झैतून बंदराला, आजच्या च्वानजौला पोचला. तिथेही त्याला मुसलमान व्यापाऱ्यांचा मोहल्ला भेटला. तिथली अकराव्या शतकातली दगडी मशीद अजून उभी आहे. चीनला जाणारी एक वाट आपल्या मराठवाड्यातून गेली होती, एवढे तिला कळले तरी पुष्कळ.

तिथून खुलदाबाद जवळच. हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांच्यामागून जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे आहेत, आकाशाखाली उघडी असलेली औरंगजेबाची साधी कबर आहे. मलिक अंबरची कबरही इथेच. आपण तिच्यापाशी थांबणार आहोत, कारण आदल्या दिवशी त्याचेच पाणी पाहिलेले असेल.

वेरूळ या वेळी नाही. मला माहीत आहे, यावर शिक्षकांच्या खोलीत वाद झाला. “इतक्या जवळ जाऊन वेरूळ नाही?” पण चौतीस लेणी तासाभरात पाहणे म्हणजे मागची चूक पुन्हा करणे. वेरूळला पुढच्या वर्षी एक पूर्ण दिवस देऊ. खाण्याची सोय साधी आहे, फक्त एका दुपारी नान-खलिया. तुघलकाच्या लष्करापासून तो चालत आल्याचे तिथले लोक सांगतात. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वरण-भात. हिमरू विणणारा हातमाग दाखवण्याचेही ठरवले आहे; सुती ताणा आणि रेशमी नक्षीचा बाणा कसा चालतो, ते विणकराच्या तोंडून ऐकावे. असे माग आता फार थोडे राहिले.

खर्चाचे म्हणाल, तर शालेय सहलीसाठी एस. टी. भाड्यात निम्मी सवलत देते, आणि मकबरा व दौलताबाद येथे पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. उरलेली रक्कम दोन हप्त्यांत घेऊ.

आता मुलींविषयी. मागच्या सहलीत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. या वेळी मुक्काम आहे म्हणून त्याही कमी होण्याची भीती वाटते. शीआनचे पान घेऊन आलेल्या मुलीचे नाव यादीत नव्हते. मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील भले माणूस, मला चहा पाजला आणि म्हणाले, “मास्तरसाब, आपका कहना सही है. लेकिन लड़की है, रातभर बाहर कैसे भेजूँ?” मी त्यांना मागासलेले म्हणणार नाही. मुक्कामाची जागा कोणती, बरोबर बाया कोण, रात्री दाराला कडी आहे का, हे विचारणे बापाचे कामच आहे. हे आम्हीच आधी सांगायला हवे होते. म्हणून आज सर्वांसमोर सांगतो: मुलींचा मुक्काम एका शाळेच्या वसतिगृहात स्वतंत्र मजल्यावर आहे, दोन शिक्षिका त्यांच्याबरोबर राहतील, आणि ज्या आयांना किंवा आजींना यायचे असेल त्यांच्यासाठी बसमध्ये जागा राखली आहे.

हे मी त्या घरी सांगत होतो तेव्हा आतल्या खोलीतून मुलीची दादी बाहेर आल्या. वय ऐंशीच्या घरात. म्हणाल्या, “नहर की बात कर रहे क्या?” त्यांचे माहेर औरंगाबादचे आहे, हे घरातल्या मुलांनाही नीट माहीत नव्हते. त्या सांगू लागल्या: मोहल्ल्यात एक हौद होता, त्यात नहरीचे पाणी यायचे, उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट. त्या आणि त्यांच्या बहिणी घागरी घेऊन जायच्या. एकदा पाणी बंद झाले तेव्हा मोहल्ल्यातली माणसे कंदील घेऊन खाली उतरली आणि वर आली ती चिखलाने माखून, आणि झाडांच्या मुळ्यांचा भारा घेऊन. मी दोन सुट्ट्या घालवून पुस्तकांतून जे गोळा केले, ते ताडकळसमध्ये एका ओसरीवर बसलेले होते.

लेकाकडे पाहून त्या म्हणाल्या, “बच्ची जाएगी. मैं साथ जाती हूँ.”

ते गृहस्थ आत्ता समोरच बसले आहेत, त्यांची परवानगी घेऊनच हे सांगितले. आजीबाईंची एकच अट आहे. बसमध्ये त्यांना खिडकीची जागा पाहिजे आणि भडकल दरवाज्याहून परतताना अर्धा तास त्यांच्या माहेरच्या मोहल्ल्यासाठी द्यायचा. हौद अजून आहे की नाही, त्यांना माहीत नाही. आम्ही तो अर्धा तास कार्यक्रमात लिहून टाकला आहे. नावे या शुक्रवारच्या आत कार्यालयात द्यावीत.